खेळातले धर्मसंकट आणि त्याचा शेवट



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्यानंतर महाराष्ट्रात गावोगाव अशा माला सुरू झाल्या आणि त्यांच्या व्यासपीठावरून स्वराज्यापासून शेतीपर्यंत शेकडो विषय बोलले गेले. आजचा माझा विषय त्या पंगतीत बसणारा नाही, असे पुष्कळांना वाटेल. मी संगणकावर आणि मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य खेळांविषयी बोलणार आहे. त्यांपैकी ज्या खेळांत खेळणारा एका कथेतले पात्र होतो, पात्राच्या वतीने बऱ्यावाईटाचा निवाडा करतो आणि अखेर त्या कथेच्या शेवटाला पोचतो, तेवढेच खेळ मी आज विचाराला घेतले आहेत.

या खेळांबद्दल आपल्या घरांत रोज वाद होतो. वाद होतो तो वेळेचा, डोळ्यांचा आणि परीक्षेतल्या गुणांचा. तो वाद खोटा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु त्या वादात एक प्रश्न राहूनच जातो. वर्षातून शेकडो तास आपला मुलगा किंवा मुलगी ज्या कथेत वावरते, ती कथा तिला बऱ्यावाईटाविषयी काय शिकवते? आपण कीर्तनकाराला हा प्रश्न विचारतो, नाटककाराला विचारतो, सिनेमावाल्यालाही विचारतो. मग खेळ रचणाऱ्यालाच त्यातून सूट का द्यावी?

संगणक हा आपल्या भागाला परका राहिलेला नाही. १९९८ साली आपल्या शेजारच्या वारणा परिसरातील सत्तर गावांना संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प झाला, तेव्हा देशभरातून लोक तो पाहावयास आले होते. तेव्हा यंत्र सोसायटीच्या कचेरीत होते, आज ते पोराच्या खिशात आहे. म्हणून हा विषय शहरातल्या लोकांचा, आपल्याला त्याचे काय, असे म्हणून भागणार नाही.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे विवेचन करतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. चारपाच जणांनी टेबलाभोवती बसावे, एकाने सूत्रधार व्हावे आणि कथा सांगावी, बाकीच्यांनी त्या कथेतले योद्धे, मांत्रिक, चोर व्हावे, आणि फाशांच्या आधाराने कथा पुढे न्यावी, असे त्याचे स्वरूप. या खेळात प्रत्येक पात्राच्या कागदावर त्याचा नैतिक कल लिहिलेला असे. पात्र सज्जन आहे की दुर्जन, नियम पाळणारे आहे की झुगारणारे, हे आधीच ठरे. पुढे सूत्रधाराची जागा संगणकाने घेतली आणि एक मोठी अडचण उत्पन्न झाली. जिवंत सूत्रधाराला खेळणाऱ्याने काहीही विचारले तरी तो वेळेवर उत्तर रचतो. यंत्राला मात्र आधी लिहून ठेवलेलेच उत्तर देता येई. ज्या मर्यादांविषयी मी पुढे बोलणार आहे, त्यांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

पाप आणि पुण्य खेळात आणण्याची कल्पना पाश्चात्त्यांनी प्रथम काढली, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडचा मोक्षपट पाहा. परंपरेने तो ज्ञानेश्वर माउलींच्या नावाशी जोडलेला आहे. कवड्या टाकाव्यात, घरे ओलांडावीत, सद्गुणाच्या घरात शिडी मिळावी, दुर्गुणाच्या घरात सापाने गिळावे, आणि अखेर वैकुंठाला पोचावे, असा तो खेळ. इंग्रज तो आपल्या देशी घेऊन गेले. पुढे शिड्या आणि साप राहिले, पण घरांवरची गुणदुर्गुणांची नावे गळून पडली. आज आपण मुलांना विकत आणून देतो तो सापशिडीचा पुठ्ठा हा त्या मोक्षपटाचा सांगाडा आहे.

या मोक्षपटात निवड मुळीच नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लोभाच्या घरात पडावे की दयेच्या, हे कवडी ठरवते, खेळणारा ठरवत नाही. तरीही मोक्षपट कोणाला फसवत नाही, कारण तो निवडीचे आश्वासनच देत नाही. तो संसाराचा नकाशा दाखवतो आणि गप्प बसतो. तक्रारीला जागा होते ती खेळ आपल्याला सांगतो की "तू निवड, तुझ्या निवडीने कथा घडेल", आणि मग तो शब्द पाळत नाही, तेव्हा.

हा शब्द प्रथम मनापासून पाळण्याचा प्रयत्न १९८५ साली झाला. रिचर्ड गॅरियट या रचनाकाराच्या 'अल्टिमा' मालेतला तो चौथा खेळ. त्याच्या आधीच्या खेळांबद्दल पालकांची पत्रे आली आणि त्यांनी आपल्याला विचारात पाडले, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. चौथ्या खेळात त्याने खलनायकच ठेवला नाही. सत्य, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, मान, अध्यात्म आणि विनय हे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हावे, हेच खेळाचे साध्य. 'अवतार' हा शब्द आपलाच. खेळाच्या आरंभी एक भविष्य सांगणारी स्त्री प्रश्न विचारते आणि प्रत्येक प्रश्नात दोन सद्गुण एकमेकांसमोर उभे करते. पुढे खेळात एका आंधळ्या विक्रेतीकडून औषधी वनस्पती घ्यावयाच्या असतात. किती पैसे दिले हे ती आपल्यावरच सोपवते. कमी पैसे देऊन निघून जाता येते, तिला दिसत नाही. पण खेळाला दिसते. सत्याच्या खात्यात तेवढी घट होते, आणि ती घट खेळणाऱ्याला त्या वेळी कोणी सांगत नाही. कोणी पाहत नसताना माणूस कसा वागतो, हा नीतीचा जुना प्रश्न त्या लहानशा दुकानात उभा राहतो. यंत्र अगदी साधे होते, चित्रे ठिपक्यांची होती, तरी प्रश्न खरा होता.

पुढे यंत्रे शंभरपटीने सुधारली, पण प्रश्न त्या मानाने सुधारले नाहीत. २००३ च्या सुमारास अशी एक पद्धत पडली की पात्राच्या नावापुढे पापपुण्याचा काटा लावावयाचा. भल्या कृत्याने काटा एकीकडे झुकतो, बुऱ्याने दुसरीकडे. इंग्लंडातल्या लायनहेड या संस्थेने २००४ साली काढलेल्या 'फेबल' या खेळात तर नायक सज्जनपणे वागला की त्याच्या डोक्याभोवती तेजोवलय येते, आणि दुष्टपणे वागला की कपाळावर शिंगे उगवतात. ऐकावयास मौज वाटते. परंतु त्याच खेळात देवळात पुरेसे सोने दान केले की पुण्याचा काटा वर चढतो आणि नायक पुन्हा सज्जन होतो. सकाळी गाव लुटावे आणि संध्याकाळी दानपेटीत टाकावे, अशी ही सोय. आपल्याकडे या सोयीवर संतांनी किती कोरडे ओढले आहेत ते इथल्या वारकऱ्यांना मी सांगावयास नको. पश्चात्ताप म्हणजे खात्यातली जमा नव्हे, हे आपल्या निरक्षर आजीलाही ठाऊक होते. संगणकाने मात्र ते विसरावयास लावले.

या काट्याचा दुसरा दोष अधिक खोल आहे. काटा लावला की निवडी त्याच्या मापाच्या कराव्या लागतात. वाटेत भिकारी भेटला, तर त्याला सर्वस्व द्या, त्याला ठार करा, किंवा पैसे मिळतील तर मदत करीन म्हणा, असे तीनच मार्ग उरतात. एक संत, एक राक्षस आणि एक भाडोत्री. आपल्या आयुष्यात असे प्रसंग कितीसे येतात? आपल्यापुढे येतात ते प्रसंग निराळे. म्हाताऱ्या आईच्या औषधाला पैसे द्यावे की मुलीच्या शिक्षणाला? भावाने बांध सरकवला, तर कोर्टात जावे की नाते राखावे? यात राक्षस कोणीच नाही, आणि म्हणूनच झोप येत नाही. भले आणि बुरे यांतून भले निवडणे ही पहिलीची परीक्षा झाली. दोन भल्यांतून एक सोडावे लागते, तेव्हा धर्मसंकट सुरू होते.

आता रचनाकारांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्यांना हे कळत नाही असे नाही. अडचण गणिताची आहे. एका प्रसंगी दोन वाटा ठेवल्या, तर कथा दोन होतात. असे दहा प्रसंग ठेवले, तर १,०२४ कथा होतात. वीस ठेवले, तर दहा लाखांवर जातात. प्रत्येक कथेला संवाद हवेत, नट हवेत, चित्रे हवीत, आणि पैसा संपत येतो तो नेमका शेवटाच्या सुमारास. म्हणून ते एक युक्ती करतात. आपली वारणा एखाद्या बेटाशी दुभंगते, दोन धारा होतात आणि बेट संपताच पुन्हा एक होते, तसे ते कथेला थोडा वेळ दुभंगू देतात आणि पुन्हा एका पात्रात आणून सोडतात. डावीकडून गेलात तरी आणि उजवीकडून गेलात तरी पुढचा घाट तोच. कथेच्या मध्यावर ही युक्ती लक्षात येत नाही. शेवटी मात्र ती उघडी पडते, कारण शेवटानंतर दुसरे काही नसते. "मी एवढे निवडले, त्याचे काय झाले?" हा प्रश्न तिथेच विचारला जातो.

काही शेवट आपण पाहू.

'फेबल'चा दुसरा भाग २००८ साली आला. त्यात खेळणाऱ्याबरोबर सगळ्या प्रवासात एक कुत्रा असतो. वाट दाखवतो, पुरलेले धन हुडकतो, संकटात भुंकून सावध करतो. अखेरीस तो मालकावर झाडलेली गोळी स्वतःच्या अंगावर घेतो. ज्या खलनायकाचा पाठलाग तीसचाळीस तास केला, त्याच्याशी मात्र सामनाच होत नाही. तो बोलत असताना एकच गोळी झाडावी लागते आणि तो संपतो. गोळी झाडावयास आपण उशीर केला, तर सोबतचा दुसराच कोणी झाडतो! मग एक वर मिळतो. मेलेले हजारो लोक परत मागा, किंवा आपले कुटुंब आणि तो कुत्रा परत मागा, किंवा धनाची रास मागा. ही निवड कागदावर मोठी आहे. पण त्या हजारो लोकांपैकी आपल्या ओळखीचे कोणी नाही आणि कुत्रा मात्र रात्रंदिवस पायाशी होता. त्याग मागितला, पण ज्यांच्यासाठी तो करावयाचा त्यांची गाठच घालून दिली नाही. पुढे विकत मिळणाऱ्या पुरवणीत कुत्रा परत मिळवण्याची सोयही झाली, आणि ज्यांनी मन घट्ट करून त्याग केला होता, त्यांच्या त्यागाला काही अर्थ उरला नाही.

तिसरा भाग २०१० साली आला. तो मला आपल्या भागातल्या सहकारी कार्यकर्त्यांना दाखवावासा वाटतो. यात नायक आधी बंड करतो आणि बंडासाठी साऱ्या लोकांना वचने देतो. मग तो राजा होतो. राजा झाल्यावर कळते की वर्षभरात महासंकट येणार आहे आणि ६५ लाख प्रजेच्या रक्षणासाठी ६५ लाख मोहरा खजिन्यात हव्यात. वचने पाळली तर खजिना रिता, वचने मोडली तर प्रजा वाचेल. किती उत्तम धर्मसंकट! निवडून आलेल्या प्रत्येक सरपंचाला आणि कारखान्याच्या प्रत्येक अध्यक्षाला ते ओळखीचे वाटेल. पण रचनाकारांनी त्याचे काय केले? दरबारात प्रश्न येतो तो असा की जुन्या इमारतीत अनाथालय काढावे की कुंटणखाना? जो राजा खजिना भरू पाहतो त्याला राक्षस ठरवले, म्हणजे पुन्हा तोच काटा. शिवाय घरे आणि दुकाने विकत घेऊन भाड्यावर लावली, तर राजाला स्वतःच्या खिशातून सगळा खजिना भरता येतो आणि एकही वचन मोडावे लागत नाही. धर्मसंकट संपले, सावकारी उरली. त्यावर कळस असा की संकटाला १२१ दिवस उरले असताना दरबार भरतो, आणि तो उठताच शत्रू एकदम दारात उभा राहतो. मध्यंतरीच्या दिवसांत पैसे जमवू म्हणून थांबलेल्या खेळणाऱ्यांची प्रजा त्यामुळे मेली. त्यांची निवड चुकली म्हणून ती मेली नाही. खेळाने दिवस मोजण्यात लबाडी केली म्हणून मेली.

अणुयुद्धानंतरच्या उजाड अमेरिकेत घडणारा 'फॉलआउट ३' हाही २००८ सालचा. सगळ्या प्रदेशाला शुद्ध पाणी मिळावे म्हणून एक यंत्र चालू करावयाचे असते, आणि ते चालू करावयास जो आत जाईल तो किरणोत्सर्गाने मरणार. आत्मबलिदानाचा हा प्रसंग आहे. परंतु त्या वेळी नायकाबरोबर असा एक सोबती असू शकतो, की ज्याला किरणोत्सर्गाची बाधाच होत नाही. त्याला विनवले तर तो म्हणतो की हे तुझे विधिलिखित आहे, मी त्यात पडणार नाही. याला बलिदान म्हणावयाचे की लेखकाची बळजबरी? लोकांनी इतका गिल्ला केला की २००९ सालच्या पुरवणीत त्या सोबत्याला आत पाठवण्याची परवानगी द्यावी लागली.

सर्वांत मोठा गहजब झाला तो २०१२ सालच्या 'मास इफेक्ट ३' या खेळावर. त्याची कथा अंतराळातली, पण जात हीच. तीन भागांची ही माला कॅनडातल्या बायोवेअर संस्थेने पाच वर्षांत पुरी केली. पहिल्या भागातल्या निवडींची नोंद दुसऱ्यात जाई, दुसऱ्यातली तिसऱ्यात. कोण जगले, कोण मेले, कोणाशी मैत्री केली, कोणती जमात वाचवली, हे सारे यंत्र लक्षात ठेवी. खेळणाऱ्यांना वाटले की या साऱ्याची बेरीज शेवटी होईल. शेवटी समोर आल्या तीन वाटा. शेवटची दृश्ये तिन्ही वाटांत जवळजवळ सारखीच होती. फरक डोळ्यांत भरत होता तो रंगाचा. एकीत लाल प्रकाश, दुसरीत निळा, तिसरीत हिरवा. खेळणाऱ्यांनी निषेधाचा मोठा मार्मिक प्रकार शोधला. त्यांनी संस्थेच्या कचेरीत सुमारे चारशे छोटे केक पाठवले. वरचे साखरेचे थर तीन रंगांचे आणि चव मात्र सगळ्यांची एकच! त्याच चळवळीत आजारी मुलांसाठी ८० हजार डॉलरांहून अधिक निधी जमला, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी जूनमध्ये संस्थेने शेवट वाढवून, अधिक उलगडून, फुकट दिला.

आपल्याकडेही एक उदाहरण आहे आणि ते पुण्याचे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या संस्थेने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. राजी ही खेळ करून दाखवणाऱ्यांतली मुलगी. महाबलासुराने पळवलेल्या गोलू या भावाचा शोध ती घेते, आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू आपापसांतल्या संवादातून सांगतात. लोकवर्गणीचा त्यांचा २०१७ सालचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी जिद्दीने काम तडीस नेले. जगभर त्यातल्या चित्रांची वाखाणणी झाली. या खेळात नैतिक निवडी नाहीत, वाट सरळ आहे, म्हणून त्या बाजूने त्याला दोष देता येत नाही. पण शेवट एकाएकी येतो आणि कथा अर्धीच राहिल्यासारखी वाटते, अशी तक्रार पुष्कळांनी केली. मला त्यात आशेचे चिन्ह दिसते. आपल्या मातीतली कथा जगाने एवढ्या आस्थेने ऐकली, की ती पुरी का नाही केली म्हणून लोक रुसले!

इथे कोणी म्हणेल की या मुलांना गोड शेवट हवा असतो, तो मिळाला नाही की ती रुसतात. हे खरे नाही. दुःखद शेवट आणि फसवा शेवट यांत फरक आहे, आणि तो मराठी रसिकाला समजावून सांगण्याची गरज नाही. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यात सिंधू मरते, सुधाकर विष घेतो, घराची राखरांगोळी होते. लोक रडले आणि पुन्हा पुन्हा नाटकाला गेले. कोणी पैसे परत मागितले नाहीत. का? कारण तो शेवट पहिल्या प्याल्यातच होता. सुधाकराने जे केले त्याचेच ते फळ होते. शेवट गोड असावा ही रसिकाची मागणी नाही. तो त्याच कथेच्या पोटातून निघालेला असावा, एवढेच त्याचे मागणे आहे.

याचे सर्वांत थोर उदाहरण महाभारताचे आहे. द्रोणवधाच्या वेळी युधिष्ठिराने अश्वत्थाम्याविषयी अर्धसत्य उच्चारले. आयुष्यभर सत्य बोललेल्या माणसाची ती एक घसरण. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला. आपल्याला वाटते, झाली शिक्षा. पुढे युद्ध जिंकले, छत्तीस वर्षे राज्य झाले, ऐकणारा ती गोष्ट विसरला. पण व्यास विसरले नाहीत. महाप्रस्थानात भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडतात, आणि उरतो एक कुत्रा. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्र्याला सोड आणि चल. युधिष्ठिर स्वर्ग नाकारतो, पण आश्रयाला आलेल्या प्राण्याला सोडत नाही. त्या परदेशी खेळातला कुत्रा आणि हा कुत्रा शेजारी ठेवून पाहा. तिथे कुत्र्याच्या बदल्यात अनोळखी हजारो जीव तागडीत टाकले आहेत. इथे एका बाजूला कुत्रा आहे आणि दुसऱ्या बाजूला निवडणाऱ्याचे स्वतःचे सुख. म्हणून इथे माणूस उघडा पडतो. आणि कथा तिथेही थांबत नाही. स्वर्गात पोचल्यावर त्याला दिसतो दुर्योधन, आणि आपले भाऊ दिसतात नरकात. तो म्हणतो, मी यांच्यापाशीच राहीन. मग कळते की ते नरकदर्शन त्याला घडले ते त्या अर्धसत्यामुळे. अकरा पर्वांनंतर एका वाक्याचा हिशेब पुरा होतो! लक्ष श्लोकांच्या कथेला जे आठवते, ते लक्षावधी डॉलरांच्या यंत्राला का आठवू नये?

आणि बलिदान म्हणजे काय, हे समजून घ्यावयास कोडोलीकरांना फार लांब जावे लागत नाही. पन्हाळा डोळ्यांसमोर आहे. १६६० च्या जुलैमध्ये, सिद्दी जौहरच्या वेढ्याला चार महिने होत आले असता, शिवाजी महाराज पावसाळी रात्री गडावरून निघाले. परंपरा सांगते की महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद महाराजांच्या वेषात पालखीत बसला आणि शत्रूच्या हाती गेला. तिकडे खिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. या दोघांपुढेही निवड होती. निवडीची किंमत त्यांना आधीच ठाऊक होती, ती दुसऱ्या कोणावर ढकलता येण्यासारखी नव्हती, आणि तिच्यावाचून काम होणारे नव्हते. या तीन गोष्टी जिथे आहेत तिथे बलिदान आहे. 'फॉलआउट'च्या त्या प्रसंगी सोबती दाराशी उभा राहून नुसता पाहत होता. तिथे तिसरी गोष्ट नव्हती. म्हणूनच खेळणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले नाही, त्याला चीड आली.

हे सारे खेळांना जमणारच नाही, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पोलंडमध्ये २००७ साली 'द विचर' निघाला. त्यात आरंभी काही खोकी बंडखोरांना न्यावयास द्यावी की नाही, असा किरकोळ वाटणारा प्रश्न येतो. नेऊ दिली, तर पुढे कित्येक तासांनी कळते की त्यांतल्या शस्त्रांनी एक माणूस मारला गेला. न दिली, तर तेव्हाच रक्त सांडते. तोवर मागे फिरण्याची वाट लांब राहिलेली असते. या खेळांत प्रसंग जतन करून ठेवता येतो आणि निवड चुकली तर मागे जाऊन पुन्हा निवडता येते. फळ उशिरा दिले की ही पळवाट आपोआप बंद होते. दुसरे उदाहरण २०१५ सालच्या 'अंडरटेल'चे. तो टोबी फॉक्स या एका तरुणाने बहुतांशी एकट्याने रचला. चित्रे साधी, पैसा थोडा. त्यात कोणालाही न मारता शेवटाला जाता येते. आणि सर्वांना मारून मग पुन्हा आरंभापासून सज्जनपणे खेळू म्हटले, तर खेळ पूर्वीचे विसरत नाही. गोड शेवटावरही डाग राहतो. म्हणजे अडचण केवळ पैशाची नाही. हजार शेवट लिहावे लागत नाहीत. दोनतीन शेवट पुरतात, पण खेळणाऱ्याने जे केले ते त्या शेवटाला ठाऊक असले पाहिजे.

आता या साऱ्याचे आपल्याला काय? मी आरंभी विचारलेल्या प्रश्नाकडे येतो. काही लोक भितात की या खेळांमुळे मुले हिंसक होतील. मला भीती वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. "तू काहीही निवड, शेवटी सगळे एकच" हा धडा जर शेकडो तास गिरवला गेला, तर तो फक्त खेळापुरता राहील का? मतदानाच्या दिवशी घरी बसणारा माणूस हेच म्हणतो. ग्रामसभेला न जाणारा हेच म्हणतो. लाच देणारा आणि घेणाराही हेच म्हणतो, की माझ्या एकट्याच्या वागण्याने काय फरक पडतो? रंग लाल असो की निळा, चव तीच. लोकशाहीला हुकूमशहाइतकीच या वाक्याची भीती बाळगावी लागते. आणि म्हणून, ज्या मुलांनी त्या शेवटावर रागावून केक पाठवले, त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो. आमच्या निवडीला अर्थ असला पाहिजे, अशी ती मागणी होती. ती मागणी नागरिकाची आहे.

पालकांना माझी एक विनंती आहे. किती वेळ खेळलास, हे अवश्य विचारा. त्याबरोबर आणखी एक विचारा की आज तू कोणाला वाचवलेस, कोणाला सोडलेस, आणि का? मुलाला प्रथम नवल वाटेल. मग तो बोलू लागेल. त्याच्या पोटात जे धर्मसंकट एकट्याने शिजत होते ते जेवणाच्या ताटाशी येईल, आणि तिथे आजीजवळ त्याला सांगण्यासारखे पुष्कळ निघेल.

तरुणांना इतकेच सांगतो. तुमच्यापैकी काही जण उद्या पुण्याला, बंगळुरूला जाऊन हे खेळ रचतील. चित्रांचे आणि यंत्राचे शिक्षण तुम्हाला तिथे मिळेल. पण शेवट कसा करावा हे शिकावयाचे असेल, तर ते इथेच आहे. आपल्या ग्रंथालयातल्या महाभारतात आहे, गडकऱ्यांच्या नाटकात आहे, समोरच्या गडाच्या वाटेवर आहे. बांध सरकवणाऱ्या भावाच्या गोष्टीतही आहे. दोन भल्यांतून एक सोडावयास लावणारा प्रश्न रचा, त्याची किंमत खेळणाऱ्याकडून खरी वसूल करा, आणि शेवटाला त्याची आठवण ठेवा. असा एक खेळ मराठी माणसाच्या हातून झाला, तर मोक्षपटाची परंपरा पुढे गेली असे मी समजेन.